रोहिणीत पेरा, नऊ इंचावर पेरा: सोयाबीनच्या एका फॉरवर्डला उत्तर

इंदूरजवळ सांवेरकडे जमीन असलेल्या आमच्या मामांनी परवा घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. 'हे खरं आहे का?' असं विचारण्यासाठी नव्हे. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'ड्रिलवाल्याला फण जवळ घ्यायला सांगितलंय.' (ड्रिल म्हणजे पेरणी यंत्र; फण जवळ घेतले की ओळी जवळ येतात.) दोन दिवसांत तोच मजकूर देवास आणि देपालपूरच्या नातेवाइकांकडूनही आला, एकदा मराठीत, दोनदा हिंदीत. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहिलेलं बरं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पावसाची वाट पाहू नका, २५ मे ते ५ जून, म्हणजे रोहिणी नक्षत्रातच सोयाबीन कोरड्यात पेरा, पीक महिनाभर आधी घरात येईल. १८ इंचाची ओळ जुनाट आहे, अमेरिकेत अरुंद ओळींनी उत्पादन वाढलं, तुम्ही ९ इंचावर पेरा. बियाणं एकरी ५० किलो टाका. दाट पेरलं की तण उगवत नाही, डोरा (ओळींमधलं तण काढायचं कोळपं) आणि तणनाशक दोन्हींचा खर्च शून्य. दाट पिकात कीड लागत नाही. ओळी उत्तर-दक्षिणच हव्यात. आणि शेवटी, 'इंदूरच्या सोयाबीन संस्थेने सिद्ध केलं आहे.'

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करू, कारण लोक तिच्यावरच विश्वास ठेवतात. खंडवा रोडवरची ही संस्था १९८७ पासून आहे आणि मध्य भारतासाठीची तिची शिफारस काही गुपित नाही. पेरणी जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, तीही साधारण १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच पाऊस झाल्यावर. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, म्हणजे तेच १८ इंच. लवकर येणाऱ्या, सरळ वाढणाऱ्या वाणांसाठी ३०. दाण्याच्या आकाराप्रमाणे हेक्टरी ६० ते ८० किलो बियाणं, आणि खोली २ ते ३ सेंटिमीटर. मेसेजच्या सल्ल्यात यातला एकही आकडा नाही. नाव तेवढं उचललंय.

आता रोहिणीतल्या पेरणीकडे. सगळ्यात जास्त नुकसान यातच आहे.

कोरड्यात पेरणं ही काही वेडगळ गोष्ट नाही, हे आधी कबूल करतो. कोकणात भाताची धूळवाफेची पेरणी होते, खानदेश-विदर्भात कपाशीची धूळपेरणी होते. पण सोयाबीनचा दाणा म्हणजे भात नव्हे आणि सरकीही नव्हे. त्याचं साल पातळ असतं. उगवायला त्याला स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी ओढावं लागतं. मक्याचं साधारण तीस टक्क्यांत भागतं. रोहिणीत माळव्यात जी वळवाची सर येते ती पाऊण-एक इंचाची. तेवढ्यात दाणा फुगतो, साल फाटतं, कोंब सुटतो, आणि पुढे आठ-दहा दिवस ऊन. फुगलेला दाणा परत वाळला की मेला, त्याला दुसरी संधी नसते. इंदूरकडे मान्सून येतो तोच साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. २५ मेला पेरलेलं बियाणं तीन आठवडे जमिनीत काय करत बसणार? मुंग्यांना आणि पाखरांना खाऊ घालणार, दुसरं काय.

बरं, सरी आल्याच नाहीत तर दाणा कोरडा राहून वाचेल? तो कदाचित वाचेल, पण त्याला चोळलेलं रायझोबियम, म्हणजे मुळांवर नत्राच्या गाठी आणणारं जिवाणू खत, वाचत नाही. हवेत ४२ अंश असताना उघड्या काळ्या मातीचा वरचा थर त्याहून कितीतरी जास्त तापतो. दोन-तीन सेंटिमीटरवर पडलेलं जिवाणू खत त्या भट्टीत टिकत नाही. मग गाठी कमी, जुलैत पीक पिवळं, आणि 'युरिया टाकू का?' हा प्रश्न.

चार इंच पावसाचा आकडा संस्थेने हवेतून काढलेला नाही. उन्हाळ्यात आपल्या काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगा गिळतात. शंभर मिलिमीटरच्या आसपास पाणी मुरलं की भेगा मिटतात आणि ओल इतकी खोल जाते की उगवलेलं रोप पुढे दहा-बारा दिवसांची उघडीप सोसू शकतं. मात्र पर्जन्यमापक बघून डोळे मिटून पेरायचं नाही. एका रात्रीत चार इंच पडून अर्धं नाल्याला गेलं असेल तर ते चार इंच नव्हेत. खुरप्याने वीतभर खणून बघा, तळापर्यंत ओल हवी. आणि वाफसा, ज्याला माळव्यात बतर म्हणतात, तो हवा. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, टाकला की फुटावा, फणाला चिकटू नये. चिखलात पेरलं की फणाची रेघ उन्हाने विटेसारखी घट्ट होते आणि सोयाबीनचा वाकलेला कोंब तिच्याखाली मान मोडून पडतो. दाणा चार सेंटिमीटरच्या खाली गेला असेल तर आणखी वाईट, कारण या पिकाला दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन वर यायचं असतं.

वाट बघण्याचा आणखी एक फायदा असतो, तोही फुकटचा. पहिल्या पावसावर तणाची मोठी लाट उगवते: सावा, केना, मोथा. पेरणीआधी एक वखर फिरवला की ती सगळी उलटते. धूळपेरणीत ही लाट पिकाबरोबरच उगवते आणि पिकातच राहते. त्यात कोरड्या मातीवर मारलेलं उगवणीपूर्वीचं तणनाशक ओल नसल्याने कामच करत नाही. म्हणजे ज्या मेसेजला तणाचा खर्च शून्य करायचाय, तोच तणाला सगळ्यात आधी बोलावणं धाडतोय.

आणि 'पीक महिनाभर आधी घरात'? मामांच्या तोंडाला पाणी सुटलं ते याच वाक्याने. सप्टेंबरच्या सुरुवातीला शेत मोकळं, मग आलू किंवा लसूण, मग वाटलं तर उशिराचा गहू. हिशेब छान आहे. पण सोयाबीन कॅलेंडर बघून फुलत नाही, रात्र मोजून फुलतं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड यांनी १९२० साली जे संशोधन प्रसिद्ध केलं, त्यात तंबाखूबरोबर दुसरं पीक सोयाबीनच होतं. 'बिलॉक्सी' नावाचं वाण त्यांनी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरलं. आधीच्या पेरणीतली झाडं मोठी, नंतरची लहान, पण फुलली सगळी सप्टेंबरच्या सुमारास, जवळजवळ एकदमच. दिवसाच्या लांबीवर झाडं फुलतात हे जगाला ज्या प्रयोगांनी शिकवलं त्यांतला हा एक, आणि शंभर वर्षांनी आपण सोयाबीनबद्दलच विचारतोय की महिनाभर आधी पेरलं तर महिनाभर आधी येईल ना!

आपले वाण बिलॉक्सीइतके हट्टी नाहीत, हे खरं. जेएस ३३५ सारखं ९५-१०० दिवसांचं वाण मेअखेरीस पेरलं तर लांब दिवसांत ते आधी नुसतं उंच वाढतं, फुलायला जास्त दिवस घेतं, आणि ऑगस्टच्या वाऱ्यापावसात लोळतं. पीक लवकर येतं, पण पेरणी जितकी आधी केली तितकं आधी नाही. उलट जेएस ९५-६० सारखी ८२ ते ८८ दिवसांची वाणं दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा करत नाहीत. ती खरंच लवकर पिकतील. कधी? १ जूनला उगवलं असं धरलं तरी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. इंदुरात तेव्हा काय चालू असतं हे इंदूरकरांना सांगायला नको. मान्सून परत फिरायला महिना असतो. पिकलेल्या शेंगा पावसात उभ्या राहिल्या तर दाणा शेंगेतच मोड काढतो, काळा पडतो, बुरशी धरतो, आणि मंडीत 'डागी' म्हणून भाव पडतो. कापून ढीग घातला तर ढीग तापतो. २०१९ च्या सप्टेंबरात मंदसौर-नीमचकडे पुराने आणि सततच्या पावसाने सोयाबीनचं काय झालं ते आठवा. तिथे तर पेरणी वेळेवरची होती. आपण मुद्दाम त्या पावसात कापणी आणून ठेवायची?

आता नऊ इंच.

'अमेरिकेत अरुंद ओळींनी उत्पादन वाढलं', हे वाक्य खोटं नाही. म्हणूनच ते जास्त फसवं आहे. तिथे शेतकरी मका आणि सोयाबीन आलटून पालटून घेतात. मक्याच्या पेरणी यंत्राची ओळ ३० इंचाची, म्हणजे ७६ सेंटिमीटर, आणि कित्येक जण सोयाबीनही त्याच यंत्राने पेरत आले. त्या ३० इंचावरून १५ इंचावर आलं की झाडोरा आधी मिटतो (दोन ओळींची पानं एकमेकांना भिडतात), ऊन जमिनीवर वाया जात नाही, उत्पादन काहीसं वाढतं. तिथली 'अरुंद' ओळ बहुतेकदा ती ही: १५ इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर. आपण १८ इंचावर, कुठे कुठे १४-१५ इंचावर आधीपासूनच पेरतोय! त्यांना जिथे पोचायचं होतं तिथे माळवा कधीचाच बसलेला आहे, आणि हा मेसेज आपल्याला उठवून आणखी पुढे ढकलतोय.

लवकर पेरणीचंही असंच. इलिनॉयमध्ये मेच्या सुरुवातीला पेरतात, कारण हिवाळा आणि वसंतातल्या ओलीने जमीन भिजलेली असते. त्यांना वाट बघावी लागते ती माती तापण्याची, आपल्याला ती भिजण्याची. तिथे जूनमध्ये दिवस पंधरा तासांचा असतो, इंदूरला सर्वात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या थोडासाच पुढे जातो. तिथली वाणं वेगळी, हंगाम लांब. त्यांची तारीख उचलून इथे लावायची असेल तर त्यांचा बर्फही मागवावा लागेल.

गणित करून बघू, कारण मेसेजात गणितच नाही. ४५ सेंटिमीटरवर पेरलं की एका हेक्टरात ओळींची एकूण लांबी २२,२२२ मीटर होते. दर ५ सेंटिमीटरला एक झाड धरलं तर ४ लाख ४४ हजार झाडं. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम असेल तर तेवढ्या दाण्यांना ५३ किलो लागतात. उगवण ७० टक्के धरली की ७६ किलो. बारीक, १० ग्रॅमी दाणा असेल तर ६३-६४ किलो, ठोकळ १३ ग्रॅमी असेल तर ८२-८३. संस्थेचा ६० ते ८० चा आकडा असा जवळजवळ तंतोतंत निघतो. एकरी हे २४ ते ३२ किलो झालं.

आता मेसेजचं 'एकरी ५०' घ्या. हेक्टरी १२३ किलोंच्या वर. त्याच १२ ग्रॅमी दाण्याचं, त्याच उगवणीवर, ७ लाख २० हजार झाडं. प्रत्येक झाडाच्या वाट्याला २२५ चौरस सेंटिमीटर जमीन यायची तिथे १४० सुद्धा येत नाही. सोयाबीन जागा मिळाली की फांद्या काढतं, न मिळाली की सरळ वर पळतं. विरळ जागी एकेक झाड भरपूर शेंगा धरून बरीचशी भरपाई करतं, दाट जागी बारीक काडी होऊन लोळतं, खालची पानं पिवळी होऊन गळतात आणि खालच्या पेरांवरची फुलं झडतात. एकरी अठरा-वीस किलो जास्तीचं बियाणं मातीत घालून जे मिळतं ते हे. जास्तीचं उत्पादन कुठून येणार? दीडपट झाडांतून दीडपट शेंगा येत नाहीत.

पाण्याचाही हिशेब आहे. दाट पीक जुलैत हिरवंगार, भरगच्च दिसतं, बांधावर उभं राहून फोटो काढण्याजोगं. पण तेच जमिनीतली ओल आधी संपवतं. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ठरला. अशा ऑगस्टात शेंगा भरण्याच्या वेळी आधी माना टाकतं ते दाट पेरलेलं.

अरुंद ओळीत तथ्य आहे ते दोन ठिकाणी, आणि ते लपवायचं कारण नाही. जेएस ९५-६०, जेएस २०-३४ सारखी सरळ, कमी पसरणारी वाणं १८ इंचाची जागा भरून काढत नाहीत. त्यांना ३० सेंटिमीटर, म्हणजे १२ इंच योग्य. दुसरं, पेरणीला उशीर झाला तर. जुलैचा पहिला आठवडा उलटून गेला की रात्री वाढू लागलेल्या असतात, झाडाला फुलायची घाई होते, पेरं कमी बनतात, पीक बुटकं राहतं आणि ओळ मिटतच नाही. तेव्हा लवकर येणारं वाण, ३० सेंटिमीटर ओळ आणि बियाणं २० ते २५ टक्के जास्त. म्हणजे अरुंद ओळ हा उशिरा पेरणाऱ्याचा उपाय आहे. मेसेजने तो सगळ्यात लवकर पेरणाऱ्याच्या हाती दिला, तोही नऊ इंचापर्यंत ताणून.

तणाबद्दल अर्धं बोललोच आहे. दाट पिकाची सावली तण दाबते, पण सावली पडल्यावर. सोयाबीनला तणाचा खरा फटका पहिल्या दीड महिन्यात बसतो, आणि तण पिकाबरोबर चौथ्या-पाचव्या दिवशीच वर आलेलं असतं. नऊ इंच ओळीतही झाडोरा मिटायला तीनेक आठवडे तरी जातातच. बरं, नऊ इंचात डोरा घालणार कसा? अठरा इंचात फूटभर पातं फिरतं, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच मोकळे राहतात. नऊ इंचात उरलं काय, खुरपं आणि मजूर. डोऱ्याने नुसतं तण जात नाही, पडू लागलेल्या भेगाही बुजतात आणि ओल टिकते. ती सोय घालवून तणनाशकावरच राहायचं असेल तर खर्च शून्य कसा झाला? १५ ते २० दिवसांत इमॅझेथापायर १० टक्के हे तणनाशक हेक्टरी लिटरभर, ते तर लागणारच.

'दाट पिकात कीड लागत नाही', हे लिहिणाऱ्याने ऑगस्टात सोयाबीनच्या शेतात पाय ठेवलेला नाही. चक्रीभुंगा देठावर किंवा खोडावर दोन कडी कोरतो, वरचा भाग मलूल होतो. तो दिसल्याबरोबर कड्याखालून तोडून नष्ट करायचा असतो. त्यासाठी पिकात शिरता यावं लागतं. अळ्या खालच्या पानांत असतात, तिथवर फवारा पोचवायला पाठीवरच्या पंपाने हेक्टरी ४५० ते ५०० लिटर पाणी लागतं, आणि नऊ इंचात पाठीवर पंप घेऊन चालणारा माणूस पीक तुडवतच जाणार. आत हवा खेळत नाही, पानं दिवसभर ओली राहतात, मग रायझोक्टोनिया बुरशीचा करपा आणि शेंगांवरची बुरशी.

उत्तर-दक्षिण ओळी: जून-जुलैत इंदूरला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, ओळीच्या दिशेने काही बिघडत नाही. दिशा ठरवायची ती उताराकडे बघून. ओळी उताराला आडव्या घ्या, आणि दर सहा ते नऊ ओळींमागे एक सरी सोडा, म्हणजे जास्तीचं पाणी निघेल आणि उघडीप पडली तर सरीत थोडी ओल राहील. रुंद वरंबा-सरीचं यंत्र मिळत असेल तर उत्तमच.

मामा, ड्रिलवाल्याला फण परत अठरा इंचावर घ्यायला सांगा, आणि बियाणं किती पडेल यासाठी त्याचा 'दोन नंबरचा खटका' वगैरे ऐकू नका, मोजून घ्या. आधी बियाणं तपासा: शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवा, पाचव्या दिवशी सत्तर किंवा जास्त मोड आले तर ठीक, साठ-पासष्ट असतील तर बियाणं त्या प्रमाणात वाढवा, त्याखाली असेल तर ते मंडीलाच द्या. बीजप्रक्रियेचा क्रम उलटू नका: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि जिवाणू खत अगदी शेवटी, पेरणीच्या आधी सावलीत. मग ड्रिल. नऊ फणांचं, ४५ सेंटिमीटर ओळीचं ड्रिल ४.०५ मीटर रुंद पट्टा पेरतं. प्रत्येक नळीखाली पिशवी बांधून ते मोजून २४.७ मीटर ओढा. तेवढ्यात बरोबर शंभर चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग होतो. सगळ्या पिशव्या मिळून ७५० ग्रॅम भरल्या की हेक्टरी ७५ किलो बसलं. मग एकेक पिशवी वेगळी तोला, प्रत्येकीत साधारण ८३ ग्रॅम हवेत. एखादीत ६० आणि शेजारच्या नळीत १०५ निघाले तर ओळीचं अंतर नऊ इंच ठेवा की अठरा, शेतात पट्टे पडणारच. आणि जुलैची आठ-दहा तारीख उलटून गेलीच, तर फण १२ इंचावर घ्या, ड्रिल ३७ मीटर ओढा आणि ९४० ग्रॅम भरतात का बघा.